जांभई आणि मानवी आरोग्य : एक शास्त्रीय विवेचन

सारांश :

जांभई ही मानवासह बहुसंख्य पृष्ठवंशीय प्राण्यांमध्ये आढळणारी नैसर्गिक व अनैच्छिक क्रिया होय. तिच्याविषयी समाजात दोन समज दृढ आहेत. शरीराला प्राणवायू कमी पडला की जांभई येते, हा पहिला. आणि जांभई देणारी व्यक्ती आळशी, कंटाळलेली किंवा उद्धट असते, हा दुसरा. पहिला समज १९८७ मधील प्रयोगांनंतर टिकलेला नाही. दुसऱ्यालाही शरीरक्रियाविज्ञानाचा पुरेसा आधार नाही. जांभईचे आरोग्यविषयक लाभ कोणते, त्यांतील कोणते सिद्ध झाले आहेत व कोणते केवळ संभाव्य आहेत, आणि जांभई हे आजाराचे लक्षण केव्हा ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अध्यापकवर्गाच्या दृष्टीने या माहितीचे महत्त्व शेवटी स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : जांभई, जृम्भा, अधारणीय वेग, मेंदूचे तापमान, सांसर्गिक जांभई, निद्राऋण.

१. प्रस्तावना :

शिंक, खोकला, उचकी, ढेकर आणि जांभई या शरीराच्या नित्याच्या क्रिया आहेत. यांपैकी शिंक व खोकला यांचे प्रयोजन सहज लक्षात येते. श्वसनमार्गात शिरलेला बाह्य पदार्थ बाहेर टाकणे हे त्यांचे कार्य होय. जांभईचे तसे नाही. ती झोप येण्यापूर्वी येते, तशीच झोपेतून उठल्यावरही येते. कंटाळवाण्या भाषणाच्या वेळी येते, तशीच परीक्षेच्या दालनाबाहेर धडधडत्या छातीने उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही येते. अमेरिकेचा बर्फावरील शर्यतपटू अपोलो ओनो हा शर्यत सुरू होण्यापूर्वी मोठमोठ्या जांभया देण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याला त्या क्षणी कंटाळा आला होता असे कोणीही म्हणणार नाही. परस्परविरुद्ध वाटणाऱ्या इतक्या प्रसंगी उद्भवणाऱ्या या क्रियेने म्हणूनच वैद्यांना आणि शास्त्रज्ञांना दीर्घकाळ कोड्यात टाकले आहे.

मराठी भाषेतही या क्रियेची छाया दुहेरी आहे. ‘जांभई येते’ असे म्हटले की ती आपोआप घडणारी गोष्ट ठरते; ‘जांभया देत बसला’ असे म्हटले की तोच दोष होतो. वर्गात, सभेत किंवा पूजेच्या वेळी आलेली जांभई लपवण्याची धडपड प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते. जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवण्याची जुनी रीत अनेक घरांतील वडीलधारी मंडळी आजही पाळताना दिसतात. एवढ्या परिचित क्रियेविषयी शिक्षित वर्गातही अपुरी माहिती असावी, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

२. विवेचनाची उद्दिष्टे :

१) जांभईच्या शारीरिक यंत्रणेचा परिचय करून देणे.
२) जांभईच्या कारणांविषयीचे प्राचीन व आधुनिक सिद्धान्त तपासणे.
३) तिचे आरोग्यविषयक लाभ व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.
४) अतिरिक्त जांभयांचे लक्षण म्हणून महत्त्व विशद करणे.

३. जांभईचे स्वरूप व यंत्रणा :

जांभईचे तीन टप्पे असतात. प्रथम जबडा हळूहळू उघडत जातो व दीर्घ श्वास आत घेतला जातो. त्यानंतर काही क्षण स्नायूंचा ताण कमाल पातळीवर पोहोचतो. डोळे मिटतात, घसा रुंदावतो, स्वरयंत्र खाली सरकते आणि हृदयाचे ठोके अल्पकाळ वाढतात. शेवटी जबडा चटकन मिटतो व उच्छ्वास बाहेर पडतो. डोळ्यांभोवतीच्या स्नायूंचा दाब अश्रुग्रंथींवर पडल्याने अनेकदा डोळ्यांत पाणी येते. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोवाइन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका जांभईचा सरासरी कालावधी सुमारे ६ सेकंद आढळला. त्यांनी आणखी एक सोपी गोष्ट दाखवून दिली. दात घट्ट आवळून जांभई दिली असता ती ‘अपूर्ण’ वाटते, आणि ओठ मिटून केवळ नाकाने जांभई देणे जवळजवळ अशक्य होते. यावरून जांभई म्हणजे केवळ दीर्घ श्वास नव्हे. जबडा ताणला जाणे हा तिचा अविभाज्य भाग आहे, हे स्पष्ट होते.

जांभईसोबत अनेकदा हातपाय व पाठ ताणली जाते. मराठीत यालाच ‘आळोखेपिळोखे देणे’ किंवा ‘आळस देणे’ म्हणतात. ‘आळस देणे’ या वाक्प्रचारात आळस झटकून टाकण्याची क्रिया अभिप्रेत आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या क्रियेचे नियंत्रण मेंदूच्या अतिशय जुन्या भागांतून होते. हायपोथॅलॅमसमधील एक पेशीसमूह आणि मस्तिष्कस्तंभ यांचा त्यात प्रमुख वाटा असतो. डोपामिन, ऑक्सिटोसिन, सेरोटोनिन यांसारखी रसायने जांभईचे प्रमाण कमीअधिक करतात. ती इच्छेच्या अधीन नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा पक्षाघाताच्या काही रुग्णांमध्ये मिळतो. एका बाजूचा हात पूर्णतः लुळा पडलेला असतानाही जांभई येताच तो हात आपोआप वर उचलला जातो आणि जांभई संपताच खाली येतो. फ्रेंच वैद्य ओलिव्हिए वालुसिन्स्की यांनी या घटनेचे सविस्तर वर्णन केले आहे. हात परत चालू लागला, अशी आशा नातेवाइकांना अशा वेळी वाटते. तथापि ही हालचाल ऐच्छिक नसते, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

जांभई जन्मापूर्वीच सुरू होते. गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस ती ध्वनिलहरींच्या चित्रणात दिसू लागते. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या नाद्या राइसलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ गर्भांचे २४ ते ३६ आठवड्यांच्या काळात निरीक्षण केले. २८ आठवड्यांनंतर जांभयांचे प्रमाण कमी होत गेल्याचे त्यांना आढळले. गर्भाभोवती हवा नसते. आणि गर्भाला कंटाळा येतो असेही म्हणता येत नाही. तेव्हा जांभईचा संबंध मज्जासंस्थेच्या विकासाशी असावा, असे अनुमान त्यावरून काढण्यात आले.

४. प्राचीन वैद्यकातील विचार :

आयुर्वेदात जांभईला ‘जृम्भा’ ही संज्ञा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ म्हणून ओळखला जातो. जे नैसर्गिक वेग अडवून धरू नयेत अशा १३ वेगांची गणना त्यात केलेली असून मूत्र, पुरीष, शिंक, ढेकर, भूक, तहान, अश्रू, निद्रा इत्यादींबरोबर जृम्भेचाही समावेश आहे. जृम्भेचा वेग रोखल्यास शरीर वाकणे, आचके येणे, आकुंचन, बधिरता व कंप हे विकार संभवतात, असे तेथे सांगितले असून त्यावर वातनाशक उपचार सुचवले आहेत. निद्रेचा वेग रोखल्याच्या लक्षणांमध्येही जृम्भा, अंग मोडून येणे, तंद्रा व डोळ्यांचे जडत्व यांचा उल्लेख येतो. योगशास्त्रातील पाच उपप्राणांपैकी ‘देवदत्त’ हा वायू जांभईचे कारण मानला गेला आहे.

ग्रीक वैद्यकातही साधारण याच दिशेचा विचार आढळतो. हिपोक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथसमूहात वायूविषयक एक प्रकरण असून, ज्वरापूर्वी येणाऱ्या जांभयांचे स्पष्टीकरण त्यात दिले आहे. उकळत्या भांड्यातून वाफ बाहेर पडावी तसा शरीरात साठलेला वायू तोंड उघडून बाहेर पडतो, असे ते स्पष्टीकरण होते. आयुर्वेदानेही ज्वराच्या पूर्वरूपांमध्ये जृम्भेची नोंद केली आहे.

या मतांकडे पाहताना निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांत भेद करणे आवश्यक आहे. झोप अडवली की जांभया येतात व ताप चढण्यापूर्वी त्या वाढतात, ही निरीक्षणे अचूक होती. वायूविषयीची स्पष्टीकरणे त्या काळच्या शरीरकल्पनेनुसार होती. जांभई दाबल्याने आचके वा कंप उद्भवतात, याला आधुनिक संशोधनात दुजोरा मिळालेला नाही. मात्र शरीराच्या नैसर्गिक वेगांशी झगडू नये, हे या उपदेशाचे सार निरुपद्रवी व व्यवहार्य आहे.

५. प्राणवायूचा सिद्धान्त व त्याचे खंडन :

रक्तातील प्राणवायू कमी झाला किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला की शरीर दीर्घ श्वास घेऊन तूट भरून काढते व तीच जांभई होय, असे स्पष्टीकरण पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. कोंदट खोलीत जांभया येतात, या अनुभवामुळे ते पटतेही.

प्रोवाइन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये या समजाची थेट परीक्षा घेतली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका वेळी ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा देण्यात आली. सामान्य हवेत या वायूचे प्रमाण ०.०५ टक्क्यांहूनही कमी असते. दुसऱ्या वेळी त्यांना १०० टक्के प्राणवायू देण्यात आला. सिद्धान्त खरा असता, तर पहिल्या स्थितीत जांभया वाढायला व दुसऱ्या स्थितीत त्या थांबायला हव्या होत्या. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासाचा वेग वाढला, परंतु जांभयांच्या संख्येत फरक पडला नाही. शुद्ध प्राणवायूनेही त्या कमी झाल्या नाहीत. व्यायामामुळे श्वसनाची गरज वाढली, तरी जांभया वाढल्या नाहीत. तात्पर्य, श्वसन आणि जांभई यांची नियंत्रण-यंत्रणा भिन्न आहे. प्राणवायूची गरज भागवण्यासाठी शरीर श्वास जलद व खोल करते. त्यासाठी त्याला जांभईची आवश्यकता नसते.

म्हणून ‘जांभईमुळे शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो’ हा तिच्या लाभांच्या यादीत नेहमी पहिला सांगितला जाणारा लाभ वगळणे प्राप्त आहे.

६. मेंदूचे तापमान-नियमन :

सध्या सर्वाधिक चर्चेत असलेला सिद्धान्त मेंदू थंड ठेवण्याचा आहे. शरीराच्या एकूण वजनाच्या मानाने मेंदू लहान, सुमारे २ टक्के असला, तरी शरीराच्या विश्रांत अवस्थेतील ऊर्जेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तो वापरतो. साहजिकच तेथे उष्णता निर्माण होते आणि ती रक्तप्रवाहाने वाहून न्यावी लागते. जबडा ताणला गेल्याने चेहरा, मान व कवटीतील रक्ताभिसरण वाढते, आणि आत घेतलेल्या थंड हवेमुळे रक्तातील उष्णता बाहेर टाकण्यास मदत होते, असे या सिद्धान्ताचे प्रतिपादन आहे.

अँड्र्यू गॅलप आणि गॉर्डन गॅलप यांनी न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी येथील विद्यापीठात केलेले प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वयंसेवकांना जांभई देणाऱ्या व्यक्तींची चित्रफीत दाखवण्यात आली. ज्यांनी कपाळावर कोमट किंवा खोलीच्या तापमानाची पिशवी धरली होती, त्यांपैकी सुमारे ४१ टक्के व्यक्तींना जांभई आली. थंड पिशवी धरणाऱ्यांपैकी ती केवळ ९ टक्क्यांना आली. नाकाने श्वास घेण्यास सांगितलेल्या गटात जांभई जवळजवळ थांबली. २०१० मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात जांभईपूर्वी मेंदूचे तापमान किंचित वाढत असल्याचे व जांभईनंतर ते घटत असल्याचे नोंदले गेले.

बाह्य हवामानाचा परिणामही तपासण्यात आला. अ‍ॅरिझोनामधील टूसॉन या उष्ण शहरात १६० पादचाऱ्यांची पाहणी करण्यात आली. हवा सुमारे २२ अंश सेल्सिअस असलेल्या हिवाळ्यात ४५ टक्के व्यक्तींना चित्रे पाहून जांभई आली. सुमारे ३७ अंश तापमानाच्या उन्हाळ्यात हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. हवा शरीराइतकीच तापलेली असेल तर ती आत घेऊन मेंदू थंड होणार नाही, हे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढे व्हिएन्नामध्ये झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उलट चित्र दिसले. तेथे कडाक्याच्या हिवाळ्यापेक्षा सौम्य उन्हाळ्यात जांभया अधिक होत्या. दोन्ही ठिकाणी सुमारे २० अंशांच्या आसपास जांभया जास्त आढळल्या, ही बाब या सिद्धान्ताला पूरक ठरते. महाराष्ट्रासारख्या राज्यात महाबळेश्वरची थंडी आणि चंद्रपूरचा उन्हाळा या दोन्ही टोकांचे हवामान उपलब्ध असल्याने असे निरीक्षण महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून सहज करता येण्याजोगे आहे.

मेंदूचा आकार व जांभईची लांबी यांतही संबंध आढळला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सस्तन प्राणी व पक्षी मिळून १०१ जातींच्या १,२९१ जांभया मोजण्यात आल्या. मेंदू जितका मोठा व त्यातील चेतापेशी जितक्या अधिक, तितकी जांभई दीर्घ, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

तथापि हा सिद्धान्त सर्वमान्य झालेला नाही. जांभईमुळे होणारा तापमानातील फरक अत्यल्प असतो, मानवी मेंदूच्या आतील तापमान थेट मोजणे कठीण असते, आणि अनेक प्रयोग हे इतरांना पाहून येणाऱ्या जांभईवर केलेले आहेत, असे आक्षेप घेण्यात आले आहेत. म्हणून मेंदूचे शीतलीकरण हा जांभईचा ‘संभाव्य’ लाभ मानणे उचित होय.

७. जांभई आणि जागरूकता :

जांभई दिल्यावर तरतरी येते, असा अनेकांचा अनुभव असतो. झोपेतून जागे होताना, विश्रांतीतून कामाकडे वळताना किंवा तणावाच्या प्रसंगाला सामोरे जाताना, म्हणजेच शरीर एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असताना जांभई येते, हे प्रोवाइन यांचे मत या अनुभवाशी जुळते. मात्र स्वित्झर्लंडमध्ये एड्रियन गुगिसबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दिवसा अतिझोप येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेख तपासले. झोपेचा अंमल वाढला की जांभया येतात, हे त्यात सिद्ध झाले; परंतु जांभईनंतर मेंदू अधिक जागा झाल्याचे दिसले नाही. म्हणजे जांभई झोपेची सूचना देते, झोपेची भरपाई करीत नाही.

हा भेद वाहन चालवणाऱ्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा ठरू शकतो. रात्रीच्या प्रवासात चालकाला लागोपाठ जांभया येत असतील, तर ‘जांभई दिली, आता बरे वाटते’ असे समजून पुढे जाणे धोक्याचे आहे. खिडकी उघडणे किंवा गाणी लावणे यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न व लुईस रेनर यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत गाडी थांबवून घेतलेली सुमारे १५ मिनिटांची डुलकी आणि कॉफी हे उपाय अधिक परिणामकारक ठरले.

८. प्रत्यक्ष लाभ :

वरील वादग्रस्त मुद्दे बाजूला ठेवले, तरी जांभईचे काही प्रत्यक्ष लाभ सांगता येतात.

अ) कानातील दाब समान होणे : घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी यूस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते. विमान उतरताना किंवा घाट चढता-उतरताना बाहेरील हवेचा दाब बदलतो आणि कानाला दडे बसतात. जांभई देताना टाळूचे स्नायू आकुंचन पावून ही नलिका उघडते व दाब समान होतो. कसारा किंवा खंबाटकी घाटात जांभई येताच कान ‘मोकळे’ होतात, ते याच कारणाने.

आ) घसा व स्वरयंत्र शिथिल होणे : हा लाभ अध्यापकांशी निगडित आहे. दिवसाकाठी चार-पाच तास उंच आवाजात शिकवणाऱ्या व्यक्तीच्या स्वरयंत्राभोवतीचे स्नायू ताठर होतात व आवाज बसतो. जांभईत स्वरयंत्र खाली येते व घसा रुंदावतो. या अवस्थेचा उपयोग करून जांभई देत देत हलका सुस्कारा सोडण्याचे तंत्र आवाजाच्या उपचारात वापरले जाते. अमेरिकेतील वाचाचिकित्सक डॅनियल बून यांनी त्याचा पुरस्कार केला. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणेच योग्य.

इ) स्नायूंचा ताण जाणे : दीर्घकाळ एका स्थितीत बसल्यावर जबडा, मान व पाठ यांचे स्नायू जांभई व आळोखेपिळोखे यांमुळे ताणले जातात. बसण्याची स्थिती बदलण्याची गरज शरीर याद्वारे व्यक्त करते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जबड्याचा सांधा सैल असलेल्या व्यक्तींचा जबडा मोठ्या जांभईने निखळू शकतो. अशांनी जांभई येताना हनुवटीखाली मुठीचा आधार द्यावा.

९. सांसर्गिक जांभई :

एकाची जांभई पाहून दुसऱ्याला जांभई येते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ती पाहूनच नव्हे, तर ऐकून किंवा तिच्याविषयी वाचूनही येऊ शकते. प्रस्तुत लेखाच्या वाचकांपैकी काहींना त्याचा प्रत्यय आला असणे शक्य आहे. प्रोवाइन यांच्या प्रयोगात चित्रफीत पाहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींना जांभई आली. लहान मुलांमध्ये ही प्रवृत्ती साधारण चार-पाच वर्षांच्या वयानंतर दिसू लागते. २००८ मधील एका अभ्यासात माणसाची जांभई पाहून २९ पैकी २१ कुत्र्यांनीही जांभई दिली.

इटलीतील इव्हान नॉर्शिया व एलिझाबेता पालाजी यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की अनोळखी व्यक्तीपेक्षा मित्र, आणि मित्रापेक्षा कुटुंबीय यांच्यात जांभई अधिक पसरते. त्यावरून ती सहानुभूतीचे चिन्ह असल्याचे मत मांडले गेले. परंतु अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २०१४ मध्ये ३२८ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात सहानुभूती व सांसर्गिक जांभई यांत लक्षणीय संबंध आढळला नाही. वाढत्या वयानुसार तिचे प्रमाण घटते, एवढेच दिसले. स्वमग्न मुलांना इतरांची जांभई पाहून जांभई कमी येते, असे निरीक्षणही पूर्वी नोंदले गेले होते. पण त्यांचे लक्ष समोरच्याच्या डोळ्यांकडे वेधल्यावर हा फरक नाहीसा झाल्याचे नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. सबब जांभईवरून कोणाच्याही मनाची वा स्वभावाची परीक्षा करणे शास्त्राला धरून होणार नाही.

१०. लक्षण म्हणून जांभई :

आरोग्याच्या दृष्टीने जांभईचा सर्वांत मोठा उपयोग ती देत असलेल्या सूचनेत आहे. अपुरी झोप हे वारंवार जांभया येण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. पुरेशी झोप घेऊनही दिवसभर जांभया येत असतील व रात्री मोठ्याने घोरण्याची सवय असेल, तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो. अर्धशिशीच्या काही रुग्णांना डोकेदुखी सुरू होण्यापूर्वी कित्येक तास जांभया येतात. ही खूण ओळखता आल्यास रुग्णाला वेळीच सावध होता येते. घेरी येण्यापूर्वी, तसेच प्रवासात गाडी लागताना जांभया वाढतात.

नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या, सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या औषधांमुळे काही रुग्णांना झोप येत नसतानाही जांभया येतात. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. अफूजन्य पदार्थांचे व्यसन सोडताना उद्भवणाऱ्या लक्षणांच्या मोजणीत जांभईची स्वतंत्र नोंद घेतली जाते. मल्टिपल स्क्लेरोसिस, अपस्मार, तसेच मस्तिष्कस्तंभाला बाधा पोहोचवणारा पक्षाघात यांतही अतिरिक्त जांभया आढळतात. जांभयांबरोबर छातीत दुखणे, एका बाजूस अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. केवळ जांभया येतात म्हणून मात्र घाबरण्याचे कारण नाही.

११. अध्यापनाच्या संदर्भात :

अध्यापकाला जांभई बहुधा व्याख्यानाच्या ऐन भरात भेटते आणि ती आपल्या विषयाचा अवमान वाटते. विद्यार्थ्याला उभे करणे, टोमणा मारणे किंवा वर्गाबाहेर पाठवणे अशा प्रतिक्रिया त्यातून उमटतात. वरील विवेचनाच्या प्रकाशात या प्रतिक्रियांचा पुनर्विचार होणे आवश्यक आहे. कंटाळ्याने जांभई येते हे खरे. परंतु जांभईचे कारण कंटाळाच असेल असे नाही. जो विद्यार्थी पहाटेची एस. टी. पकडून खेड्यातून येतो, जो रात्रपाळी करून सकाळच्या सत्रास बसतो, किंवा जी विद्यार्थिनी घरचे काम आटोपून रात्री उशिरा अभ्यासाला लागते, त्यांची जांभई ही झोपेच्या थकबाकीची पावती असते. मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहणाऱ्याची जांभईही त्याच थकबाकीतून येते, मात्र तिचा उपाय निराळा असतो. १८ ते २५ वर्षे वयोगटास ७ ते ९ तास झोपेची शिफारस करण्यात आलेली आहे. पौगंडावस्थेत शरीराचे जैविक घड्याळ उशिराकडे सरकते व रात्री लवकर झोप येत नाही, हेही सर्वज्ञात आहे.

एका विद्यार्थ्याच्या सततच्या जांभया आढळल्यास त्याला वर्गानंतर एकांतात, ‘रात्री किती वाजता झोपतोस?’ एवढा प्रश्न विचारणे हे शिक्षेपेक्षा अधिक फलदायी ठरू शकते. त्याच्या उत्तरातून कधी आर्थिक अडचण, कधी आजार, कधी औषध, तर कधी व्यसन समोर येते. संपूर्ण वर्गात जांभया पसरत असतील, तर खिडक्या उघडणे, दोन मिनिटे उभे राहण्यास सांगणे, व्याख्यान थांबवून प्रश्नोत्तरे किंवा लेखनकार्य देणे हे साधे उपाय योजता येतात. दुपारच्या जेवणानंतरच्या तासांना कृतिप्रधान अध्यापन ठेवण्याचा विचार वेळापत्रक तयार करतानाच व्हावा.

१२. निष्कर्ष :

१) जांभई ही मज्जासंस्थेच्या प्राचीन भागांतून नियंत्रित होणारी अनैच्छिक क्रिया असून तिचा आरंभ गर्भावस्थेतच होतो.
२) प्राणवायूच्या कमतरतेमुळे जांभई येते, हे मत प्रयोगांती टिकलेले नाही. पाठ्यपुस्तकांत व अध्यापनात त्याची पुनरावृत्ती टाळावी.
३) मेंदूचे तापमान-नियमन हा जांभईचा संभाव्य लाभ असून त्यास बराच आधार मिळाला आहे; तथापि त्याविषयीचा वाद संपलेला नाही.
४) कानातील दाब समान होणे, घसा व स्नायू शिथिल होणे हे तिचे प्रत्यक्ष, परंतु मर्यादित लाभ होत.
५) जांभई झोपेची जागा घेऊ शकत नाही. विशेषतः वाहनचालकाने तिला विश्रांतीची सूचना मानावे.
६) वारंवार व अकारण येणाऱ्या जांभया निद्राविकार, औषधांचे परिणाम किंवा मज्जासंस्थेचे आजार सूचित करू शकतात.

१८३८ मध्ये आपल्या टिपणवहीत चार्ल्स डार्विनने कुत्रा, घोडा आणि माणूस यांच्या जांभईतील साम्याची नोंद केली होती. सर्व प्राण्यांच्या रचनेतील एकत्व त्याला त्यात जाणवले. ज्या क्रियेत एवढे प्राचीन व व्यापक नाते दडलेले आहे, ती शिष्टाचाराचा भंग म्हणून नव्हे, तर शरीराचे निवेदन म्हणून पाहिली जावी. जांभई येताच तोंडावर हात ठेवणे हा सभ्यतेचा भाग आहेच. पण ती का आली, याचा क्षणभर विचार करणे हा आरोग्याचा भाग होय.